बातमी वाजवून घ्यावी



जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव नावाचे गाव आहे. नाव ऐकताच दोन गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. एक कुंभार आणि दुसरा पिंपळ. आजच्या आपल्या विषयाला या दोन्ही गोष्टी अगदी जवळच्या आहेत. पिंपळ म्हटला की पार आला, पार म्हटला की चार माणसे आली, आणि चार माणसे एकत्र बसली की मते आलीच. कुंभाराचा संबंध काय, ते थोड्या वेळाने सांगतो.

कोणत्याही गावाच्या पारावर संध्याकाळी जाऊन बसा. रशिया आणि युक्रेनची लढाई कधी मिटणार, अमेरिकेच्या अध्यक्षाने काय करायला हवे होते, कुण्या नटीचे लग्न कुणाशी ठरले, क्रिकेटच्या संघातून अमक्याला का वगळले, आणि गावाच्या टाकीला चार दिवस पाणी का नाही, एवढ्या सगळ्या खटल्यांचे निकाल तिथे अर्ध्या घटकेत लागतात. वकील नाही, साक्षीदार नाही, तारखेवर तारीख नाही. एखादे आजोबा विडी विझवून सांगून टाकतात, "अरे, हे समदं तेलासाठी चाललंय." झाले, निकाल लागला!

शिकलेल्या मंडळींत या गप्पांना हसण्याची एक रीत आहे. ‘याला स्वतःच्या बांधापलीकडचे ठाऊक नाही आणि हा निघाला जगाचा न्याय करायला!’ मी स्वतः महाविद्यालयात शिकवतो, तेव्हा हे हसणे माझ्या ओळखीचे आहे. पण मला ते मान्य नाही. साध्या माणसाने जगाविषयी मत बनवावे की नाही, हा प्रश्नच नव्हे. जग त्याला विचारून त्याच्या शेतात येत नाही, ते येतेच. मत बनवायचे तर ते कसे बनवायचे, हा खरा प्रश्न आहे, आणि आज मला त्याविषयीच आपल्याशी बोलायचे आहे.

आधी जग आपल्या शेतात येते म्हणजे काय, ते पाहू. २०२१ सालचा मे महिना आठवा. खरीप तोंडावर आला होता. तोवर डीएपी खताचे ५० किलोचे पोते १२०० रुपयांना मिळत होते. हे खत करायला लागणारा बराचसा कच्चा माल, आणि तयार खतदेखील, मोरोक्को, सौदी अरेबिया, जॉर्डन अशा परमुलखांतून जहाजाने येते. त्या वर्षी तिकडचे भाव भडकले आणि पोत्याची खरी किंमत २४०० रुपयांच्या घरात गेली. १९ मे रोजी केंद्र सरकारने पोत्यामागचे अनुदान ५०० रुपयांवरून १२०० रुपये केले, तेव्हा कुठे शेतकऱ्याला ते जुन्या भावाने मिळू लागले. आता सांगा, मोरोक्कोची बातमी ही परदेशची बातमी की आपल्या बांधावरची?

ही गोष्ट आजकालची आहे असेही नाही. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण भागांत यादवी युद्ध पेटले. दक्षिण भागात कापूस पिके. उत्तरेकडच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग त्यांनी आपल्याकडे मोर्चा वळवला. मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशापर्यंत त्याची ऊब पोचली. सावकार घरी येऊन कर्ज देऊ लागले. १८६५ च्या एप्रिलमध्ये ते युद्ध संपले आणि भाव कोसळले. ज्यांनी ‘हे असेच चालणार’ असे धरून कर्जे काढली होती, ते बुडाले. पुढे दहा वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले. त्या दंग्याला वाढीव सारा, अवर्षण, सावकारी अशी पुष्कळ कारणे होती. पण कापसाची तेजी ओसरल्यावर आटलेली पत हेही त्यांतले एक कारण म्हणून इतिहासकार सांगतात. सात समुद्रांपलीकडची लढाई ज्यांनी ऐकलीही नसेल, त्यांच्या घरात ती अशी शिरली.

आणि आपल्या डोळ्यांदेखत काय झाले? २०२२ साली कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. पुढच्या हंगामात पुष्कळांनी कापूस घरात साठवून ठेवला. गेल्या साली दहा मिळाले, औंदाही मिळतील, असे ज्याच्या त्याच्या तोंडी होते. २०२३ चा उन्हाळा आला तरी भाव चढला नाही. आठ हजारांच्याही खाली राहिला. घरातल्या कापसाने अंगाला खाज सुटली ती वेगळीच. साठवणारा मूर्ख होता असे मी म्हणत नाही. भावाचा अंदाज मोठमोठ्या व्यापाऱ्यांचाही चुकतो. मी एवढेच म्हणतो, की गेल्या वर्षीची बातमी तिथे यंदाचे मत होऊन बसली, आणि त्या मताची किंमत रोख मोजावी लागली.

म्हणजे मत ही फुकटची वस्तू नव्हे. बियाण्याची पिशवी, बैल, मडके यांच्यासारखीच ती विकत घेण्याची वस्तू आहे. पैसे फक्त मागाहून द्यावे लागतात.

इथे आता कुंभार येतो. कुंभाराकडे माठ घ्यायला गेलेली कोणतीही बाई माठ सरळ उचलून डोक्यावर घेत नाही. ती आधी तो हातात धरून फिरवते, उजेडाकडे करून पाहते, आणि बोटाने वाजवते. खणखणीत आवाज आला तर तो पक्का भाजलेला. बद्द वाजला तर कुठे तरी तडा आहे, किंवा तो आव्यात कच्चा राहिला आहे. कुंभारालाही त्याचा राग येत नाही. घेणाऱ्याने वाजवून घ्यावे, हा त्या व्यवहाराचा रिवाजच आहे. बाजारात बैल घेताना आपण त्याचे तोंड उघडून दात पाहतो: दुदाती आहे, चौदाती आहे, की जुळलेला आहे. चार पावले चालवून बघतो. सोयाबीन पेरण्याआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवले ते मोजतो. सत्तरांहून कमी आले तर बियाणे वाढवून टाकतो. असा हा आपला चोखंदळ शेतकरी! पण मोबाइलवर एखादी बातमी आली, की ना दात पाहणे, ना वाजवणे, ना उगवण मोजणे. आली तशी डोक्यात घेतो आणि दुसऱ्या मिनिटाला पाच जणांच्या डोक्यावर ठेवतो.

आपल्या भाषेत या कामासाठी एक सुरेख लहानसा शब्द आहे. तो म्हणजे ‘म्हणे’. ‘पाऊस येणार म्हणे.’ ‘त्याची पोरगी पास झाली म्हणे.’ या एका शब्दाने बोलणारा प्रामाणिकपणे सांगतो, की बाबा, हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. ऐकणाराही तेवढेच वजन त्याला देतो. आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात पाहा, ऐकीव गोष्टीच्या शेपटाला ‘म्हणे’ हटकून असते. पण तीच गोष्ट तिसऱ्या तोंडी गेली की शेपूट गळते. ‘पाऊस येणार म्हणे’चे ‘पाऊस येणार’ होते, आणि पाचव्या तोंडी ‘पाऊस येणारच’ होते. मोबाइलवर येणाऱ्या मजकुराला तर ‘म्हणे’ मुळातच नसते. तिथे सगळे ठाम, आणि शेवटी ‘सर्वांना पाठवा’ असा हुकूम!

म्हणून माझे पहिले सांगणे हे, की गोष्ट वाजवून पाहीपर्यंत तिचे ‘म्हणे’ गळू देऊ नका. मग वाजवायची कशी? मला चार टिचक्या सुचतात. त्यांना काही शिक्षण लागत नाही. सही येत नसलेल्या माणसालाही त्या मारता येतात.

पहिली टिचकी: सांगणाऱ्याला हे कळले कसे? त्याने स्वतः पाहिले, की ऐकले? आणि मुळात हे कुणाला कळण्यासारखे आहे काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप मराठवाडा कधी विसरणार नाही. त्यामुळे ‘आज रात्री अमुक वाजता धरणीकंप होणार’ असा मजकूर आला की आपल्या पोटात गोळा येणे साहजिक आहे. पण भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगण्याची विद्या अद्याप जगातल्या कोणत्याही शास्त्रज्ञापाशी नाही. कुठल्या पट्ट्यात धोका अधिक आहे एवढे ते सांगतात. घड्याळ लावून सांगत नाहीत. तेव्हा जो वेळ सांगतो, तो बद्द वाजला असे समजावे आणि लेकराबाळांना घरात निजू द्यावे.

दुसरी टिचकी: ही बातमी कधीची आणि कुठली? बाजारभावाचा कागद कितीही सुबक असला, तरी त्यावर तारीख आणि बाजार समितीचे नाव नसेल तर तो चुलीत घालण्याच्या लायकीचा. जालन्याची मोसंबी कुठल्या तारखेला काय भावाने गेली, हे माहीत असल्यावाचून ‘मोसंबी वर गेली’ या वाक्याला काही अर्थ नाही. पुराचे, दंगलीचे, अपघाताचे चित्र आले तरी हाच प्रश्न विचारावा. चित्र खरे असते, पण ते दहा वर्षांपूर्वीचे असते, किंवा भलत्याच देशातले असते. खरे नाणे, पण दुसऱ्या राज्यातले. आपल्या बाजारात ते खोटेच.

तिसरी टिचकी: हे मी खरे मानले तर लाभ कुणाचा? ११ नोव्हेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीनंतर तीनच दिवसांनी, उत्तरेकडच्या अनेक शहरांत ‘मीठ संपले’ अशी आवई उठली. लोकांनी दुकानांपुढे झुंबड केली आणि कित्येक ठिकाणी मीठ नेहमीच्या कितीतरी पटींनी विकले गेले. श्रोतेहो, जगात सर्वांत जास्त मीठ पिकवणाऱ्या देशांत आपला देश मोडतो. त्यातले बहुतेक मीठ एकट्या गुजरातच्या किनाऱ्यावर तयार होते. समुद्र आटल्याची बातमी नव्हती, मग मीठ कसे संपेल? ज्याच्या गोदामात मीठ होते त्याला मात्र ती संध्याकाळ गोड गेली. लाभ कुणाचा, हा प्रश्न निवडणुकीच्या बातमीलाही विचारावा, औषधाच्या जाहिरातीलाही विचारावा, आणि आपल्या आवडत्या पुढाऱ्याच्या भाषणालाही विचारावा. आवडत्याला तर जरा जोरानेच.

चौथी टिचकी सर्वांत महत्त्वाची: हे उद्या खोटे ठरले, तर भोगणार कोण? १ जुलै २०१८ हा दिवस महाराष्ट्राने विसरू नये. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. त्या दिवशी तिथला आठवड्याचा बाजार होता. भटक्या समाजातली पाच माणसे त्या गावात भिक्षा मागत होती. पिढ्यानपिढ्या गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, असा मजकूर त्या दिवसांत मोबाइलवरून सगळीकडे पसरला होता. कुणाला तरी संशय आला, कुणी तरी ओरडले, जमाव जमला, आणि त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारून टाकले. पाचांपैकी कुणीही मूल पळवले नव्हते. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यावर बंधन घातले. पुढे २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. पण गेलेले पाच जीव परत आले नाहीत, आणि त्या सात जणांची घरेही उघडी पडली.

जरा विचार करा. त्या जमावातल्या प्रत्येकाचे एक मत होते. आपल्या लेकरांची काळजी वाहणारे, वरवर पाहता चांगलेच मत होते. फक्त ते वाजवून घेतलेले नव्हते. ‘मुले पळवतात म्हणे’ यातला ‘म्हणे’ तेवढा गळला होता. तुमचे कुठले गाव, कुणाला ओळखता, असे त्यांना नीट बसवून विचारले असते, पोलिसांची वाट पाहिली असती, तर काय गेले असते? थोडा वेळ गेला असता. तेव्हा ज्या बातमीने दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते, ती शंभर वेळा वाजवावी. आणि ज्या बातमीत भोगणारा परका, गरीब, एकटा आहे, तिथे तर आपला हात आधी मागे घ्यावा.

आता थोडे हलक्या गोष्टीकडे वळू. मोठ्या लोकांविषयी, म्हणजे नटनट्या, खेळाडू, गायक यांच्याविषयी आपण फार आपुलकीने बोलतो. एक गंमत आपल्या लक्षात आली आहे काय? गावच्या तलाठ्याला आपण ‘अहो तलाठीसाहेब’ म्हणतो, पण सचिन ‘खेळतो’ आणि लता ‘गाते’ असेच म्हणतो. सचिन तेंडुलकर १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर अखेरचा खेळून बाहेर पडला, तेव्हा घरचा मुलगा परगावी निघाल्यासारखे अनेकांचे डोळे भरून आले. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या, तेव्हा ‘आपली लता गेली’ असे लोक म्हणाले. हे एकेरी बोलणे उद्धटपणाचे नव्हे. आईला आणि विठोबाला आपण एकेरीच हाक मारतो. जे हृदयाजवळचे, त्याला ‘अहो’ कशाला?

पण जवळीक वाटणे वेगळे आणि माहिती असणे वेगळे. लताबाईंचे गाणे आपण आपल्या कानांनी ऐकले आहे. तेव्हा त्या गाण्याविषयी बोलण्याचा गुराख्यालाही पूर्ण अधिकार आहे. तिथे तो स्वतः साक्षीदार आहे. सचिनचा फटका आपण डोळ्यांनी पाहिला आहे. तो उंच गेला की सरळ गेला, यावर खुशाल भांडावे. पण अमक्या नटाचे बायकोशी पटत नाही, तमकीने अमुक कोटींचा बंगला घेतला, या गोष्टी पाहायला आपण कुठे गेलो होतो? शेजारच्या घरात भांडण झाले तर जाणती माणसे म्हणतात, ‘दोघांचे दोघांना ठाऊक.’ शेजाऱ्याला दाखवतो तेवढी माणुसकी मुंबईच्या माणसालाही दाखवावी.

आणि तोच नट जेव्हा एखादे तेल, एखादे बियाणे किंवा एखादे पेय हातात धरून हसतो, तेव्हा तिसरी टिचकी आठवावी. त्याचा अभिनय पाहून आपण तिकीट काढले ते ठीक. पण त्याने कधी कोळपे धरले होते काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने याची दखल घेतली आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत वस्तूची भलावण करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि एक वर्षापर्यंत जाहिराती करण्याची मनाईही होऊ शकते. पुन्हा तोच गुन्हा केला तर शिक्षा याहून कडक आहे. कायदा आहे, हे चांगले. पण कायदा मागाहून धावतो, बियाणे आधी पेरले जाते.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, ‘मास्तर, एवढे सगळे एकट्याने कसे वाजवावे? दिवसभर रानात मरमर, त्यात ही तपासणी!’ अगदी बरोबर आहे. एकट्याचे हे कामच नव्हे. यावर आपल्याच महाराष्ट्रात एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे, आणि तो शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे.

१९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोत्यांची चर्चामंडळे चालवली. पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली होती. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आपली गावे त्यात नव्हती. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळींनी आपसात बोलायचे: हे आपल्या गावाला लागू पडते का? आपला अनुभव काय? काय करता येईल? मग निमंत्रकाने चर्चेचा अहवाल आणि मंडळींचे प्रश्न केंद्राकडे धाडायचे, आणि केंद्राने त्यांची उत्तरे द्यायची. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्या प्रयोगाचे सूत्र होते. कॅनडातल्या शेतकऱ्यांनी १९४१ पासून असाच उपक्रम चालवला होता. त्यावरून ही कल्पना घेतली होती.

या प्रयोगाची तपासणी न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजातले समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीने केली. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. मंडळे असलेल्या गावांशी त्यांनी दुसरी काही गावे ताडून पाहिली: काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, काहींत रेडिओही नव्हता. आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. निकाल असा निघाला, की मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ते त्या मानाने फारच थोडे वाढले. पेटी तीच, आवाज तोच. मग फरक कशाने पडला? तर ऐकल्यानंतर बसून बोलल्याने. हा निकाल माझ्या मते आजही तितकाच खरा आहे. रेडिओच्या जागी मोबाइल आला एवढेच. ऐकलेले, पाहिलेले, वाचलेले चार माणसांत वाजवले नाही, तर ते आपल्या अंगी लागत नाही. त्यानंतर १९५९ पासून अशी मंडळे देशभर सुरू झाली. काळाच्या ओघात ती मागे पडली. पण त्यांना लागणारे सामान, म्हणजे एक पार आणि चार माणसे, हे अजून प्रत्येक गावात आहे.

मात्र पार म्हटला की एक उणीव सांगितलीच पाहिजे. पारावर बायका नसतात. म्हणजे ज्यांना टाकीच्या पाण्याची, रेशनच्या धान्याची, शाळेतल्या आहाराची आणि नवऱ्याच्या दारूची पहिल्या हाताची माहिती, नेमक्या त्याच साक्षीदार खटल्यात गैरहजर! त्यांचे मत किती वजनाचे असते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. दारूचे दुकान बंद करण्यासाठी आपल्याकडे महिलांचे मतदान घेता येते. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. अनेक गावांत ते असे झालेही आहे. ज्या बाईला वर्तमानपत्र वाचता येत नाही, तिलाही आपल्या घरात काय चालले आहे हे वाचता येते. अमेरिकेच्या अध्यक्षाविषयी आपल्याला काय वाटते याने अमेरिकेचे पान हलत नाही. पण गावच्या दारूविषयी, पाण्याविषयी, शाळेविषयी आपल्याला काय वाटते, ते ग्रामसभेत बोलले तर हलते. मला वाटते, आपण याच्या उलट वागतो. दूरच्या गोष्टीवर पारावर तावातावाने बोलतो आणि जवळच्या गोष्टीवर ग्रामसभेत गप्प बसतो. जिथे आपण स्वतः साक्षीदार आहोत तिथे आवाज मोठा हवा, आणि जिथे ‘म्हणे’ आहे तिथे लहान.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्यासाठी एक सोपी सूचना. आठवड्यातून एक दिवस, परिपाठानंतर पंधरा मिनिटे, फळ्यावर एकच बातमी लिहा. ती मुलांनीच आणलेली असावी. तिच्याखाली चार रकाने आखा: कळले कसे, कधीची-कुठली, लाभ कुणाचा, भोगणार कोण. मुलांना बोलू द्या. आपण निकाल सांगण्याची घाई करू नका. ‘अजून कळत नाही’ हे उत्तरही पूर्ण गुण देण्यासारखे आहे, हे त्यांना मुद्दाम सांगा. मुले घरी जाऊन हेच प्रश्न आईबापांना विचारतील. थोडा वैतागही होईल. एखादा बाप म्हणेल, "काहून रे, बापाला शिकवतो का?" म्हणू द्या. बियाण्याची उगवण मोजणाऱ्या बापाला ही गोष्ट कळायला वेळ लागत नाही.

आणि मंडळी, ही काही बाहेरून आणलेली विद्या नव्हे. कुंभार पिंपळगाव ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या दासबोधात ‘प्रचीती’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. ऐकलेले अनुभवाला लावून पाहावे, हा त्या शब्दाचा आशय. साडेतीनशे वर्षांपूर्वी रेडिओ नव्हता, मोबाइल नव्हता. तरी ऐकीव गोष्टीवर विसंबू नये हे सांगण्याची गरज होतीच. आज ती गरज प्रत्येकाच्या खिशात आली आहे, इतकेच.

तेव्हा जगावर मत जरूर द्या. युद्धावर द्या, क्रिकेटवर द्या, सिनेमावर द्या. साध्या माणसाने मत देणे थांबवले, तर मत देण्याचा मक्ता थोड्या लोकांच्या हाती जाईल, आणि त्यात आपले भले नाही. फक्त देण्याआधी एकदा वाजवा. वाजवून पाहिलेले मत थोडे उशिरा तयार होते, पण त्यात पाणी राहते. आणि ज्या दिवशी वाजवायला सवड नसेल, त्या दिवशी गोष्ट पुढे सांगताना आपला तो जुना, प्रामाणिक शब्द तेवढा शेवटी ठेवा.